जळगाव ते मुंबई: अंतर किती, विमानाला वेळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात तिकिटांचं काम करताना दिवसभर जे प्रश्न कानावर पडतात, त्यातले बहुतेक अंतर आणि वेळ यांच्याभोवतीच फिरतात. ‘विमानानं किती वेळ लागतो’ असं विचारणाऱ्याला आम्ही आधी एकच उलट प्रश्न करतो: मुंबईत उतरून जायचं कुठे? फोर्टला, अंधेरीला की कल्याणला? त्या उत्तरावर विमान परवडतं की रेल्वे, हे बरंचसं ठरतं. खालची माहिती तेवढं लक्षात ठेवूनच वाचावी.

जळगाव ते मुंबई नेमकं अंतर किती? एका ठिकाणी ३५५ दिसतं, दुसरीकडे ४२०.

दोन्ही बरोबर आहेत, कारण मोजणी वेगवेगळी आहे.

जळगावच्या कुसुंबा विमानतळापासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापर्यंत नकाशावर सरळ रेघ मारली, तर सुमारे ३५५ किलोमीटर भरतात. वैमानिकांच्या भाषेत हेच १९२ सागरी मैल. हीच रेघ जळगाव स्टेशनपासून सीएसएमटीपर्यंत मारली तर ती ३६५च्या पुढे जाते. आपला विमानतळ शहराच्या आग्नेयेला, तर मुंबईचा विमानतळ शहराच्या उत्तर भागात. दहा-अकरा किलोमीटरचा फरक तिथेच पडतो.

रेल्वेनं जळगाव ते सीएसएमटी ४२० किलोमीटर. रूळ चाळीसगाव, मनमाड, नाशिक रोड, इगतपुरी असे वळण घेत जातात. रस्त्यानं धुळे, मालेगाव, नाशिक या मार्गानं अंतर रेल्वेइतकंच, म्हणजे ४१० ते ४२० किलोमीटरच्या दरम्यान येतं. मुंबईत कुठल्या टोकाला उतरता त्यावर दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे.

मग विमान हवेत किती वेळ असतं?

पाऊण ते एक तास.

गणित सोपं आहे. या मार्गाला साजेसं विमान म्हणजे एटीआर ७२, सत्तरेक आसनांचं, पंख्यांचं. त्याचा वरचा वेग ताशी सुमारे ५१० किलोमीटर. ३५५ भागिले ५१० केलं तर ४२ मिनिटं येतात. पण उडाल्या उडाल्या हा वेग मिळत नाही. वर चढताना आणि खाली उतरताना विमान हळू असतं, मुंबईजवळ आल्यावर रांगेत लागतं आणि धावपट्टीच्या दिशेनं वळायला थोडा फेरा घेतं. हे सगळं धरून पन्नास-पंचावन्न मिनिटं होतात.

तिकिटावर तर सव्वा तास लिहिलेला असतो. उरलेली वीस मिनिटं कुठे जातात?

तिकिटावरची वेळ चाकं जमिनीवरून सुटल्यापासूनची नसते. विमान उभ्या जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि मुंबईत ठरलेल्या जागी जाऊन थांबलं की बंद होतं. जळगावला धावपट्टीपर्यंत जायला दोन-चार मिनिटं पुरतात. मुंबईत तसं नाही. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि त्या एका धावपट्टीवर दिवसभर देशातली प्रचंड वर्दळ. उतरायला रांग, उतरल्यावर पार्किंगपर्यंत जायला रांग. विमान कंपन्या हे सगळं आधीच वेळापत्रकात धरून चालतात. म्हणून कधी कधी ‘पंधरा मिनिटं आधी पोचलो’ असं म्हणत लोक खूश होतात. प्रत्यक्षात त्या दिवशी फक्त रांग नव्हती.

जाताना आणि येताना वेळ वेगळा का दाखवतात?

एक कारण वरचंच, मुंबईची गर्दी. दुसरं कारण वारा. हिवाळ्यात आपल्या डोक्यावर उंचावर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. मुंबईहून जळगावला येताना ते पाठीशी असतात, जाताना तोंडावर. ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरून असेल तर ४२ मिनिटांची ४५ होतात, पाठीमागून असेल तर ३९. एवढ्या छोट्या मार्गावर सहा मिनिटांचाच फरक, पण घड्याळात दिसतो खरा.

घरातून निघून मुंबईत कामाच्या ठिकाणी पोचेपर्यंत एकूण किती वेळ धरायचा?

खरा प्रश्न हा.

समजा तुम्ही जळगाव शहरातच राहता. अजिंठा चौफुलीवरून एमआयडीसी ओलांडून कुसुंब्याला पोचायला वीस-पंचवीस मिनिटं. विमान सुटण्याच्या दीड तास आधी पोचलात असं धरू. पुढे तिकिटावरचा सव्वा तास. मुंबईत बाहेर यायला अर्धा तास, बॅग टाकलेली असेल तर थोडा जास्त. म्हणजे विमानतळाच्या दाराबाहेर पाय ठेवेपर्यंत पावणेचार तास गेले. अंधेरी, सांताक्रूझ किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात काम असेल तर सव्वाचार तासांत तुम्ही खुर्चीत बसलेले असता. फोर्ट, चर्चगेट किंवा मंत्रालयात जायचं तर विमानतळाच्या दारापासून रहदारीप्रमाणे एक ते दीड तास, म्हणजे एकूण पाच तासांच्या आसपास.

आता रेल्वे. स्टेशन शहराच्या मध्यात, पंधरा मिनिटं आधी निघालं तरी चालतं. चांगली गाडी साडेसहा ते सात तासांत मुंबई गाठते, आणि सीएसएमटीला उतरलात की फोर्ट पायी. फरक पडला दोन तासांचा, पंचवीस मिनिटं इकडे किंवा तिकडे.

आणि कल्याणला जायचं असेल तर? आपली बरीच मंडळी कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात स्थिरावली आहेत. लग्नकार्य, बारसं, दवाखाना, जाणं तिकडेच. कल्याण सीएसएमटीच्या ५४ किलोमीटर अलीकडे लागतं, म्हणजे रेल्वेचा तासभर तिथेच वाचतो. उलट विमानानं गेलात तर मुंबई विमानतळावरून पुन्हा उलटं कल्याणला यायचं, टॅक्सीचा दीड तास आणि टॅक्सीचं भाडं वेगळं. अशा गिऱ्हाइकाला आम्ही विमानाचं तिकीट काढायचा आग्रह करत नाही. हौस असेल तर गोष्ट वेगळी.

रात्रीच्या गाडीनं गेलं तर विमानाचा फायदाच काय?

जाताना फारसा नाही, आणि हे तिकीट विकणाऱ्यानंच सांगितलेलं बरं. अमरावती–मुंबई एक्सप्रेस जळगावला रात्री जेवणखाण उरकून बसण्याजोग्या वेळी येते आणि पहाटे मुंबईत सोडते. तुमचा दिवस वाया जात नाही. विदर्भ एक्सप्रेससारख्या रात्रीच्या आणखी गाड्याही आहेत.

येताना मात्र पंचाईत होते. मुंबईहून संध्याकाळी-रात्री सुटणाऱ्या गाड्या जळगावला मध्यरात्र उलटून गेल्यावर पोचतात. गजर लावून, अर्धवट झोपेत, भुसावळ तर गेलं नाही ना म्हणून दचकत उठायचं आणि स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी भाव करत उभं राहायचं. म्हणून पुष्कळ व्यापारी मंडळी रात्रीच्या गाडीनं जातात आणि येताना विमान पकडतात. ही जोडी आम्हालाही सगळ्यात पटते, फक्त परतीचं विमान त्या वारी आहे ना ते आधी पाहावं.

रेल्वेला ४२० किलोमीटरसाठी सात तास का लागतात? मध्ये कुठे रखडते?

जळगाव ते मनमाड गाडी छान पळते. खरा वेळ इगतपुरी ते कसारा या थळ घाटात जातो. तिथला चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. मुंबईकडून येणाऱ्या गाडीला घाट चढवण्यासाठी कसाऱ्याला मागून जादा इंजिनं जोडतात आणि इगतपुरीला सोडतात. उतरतानाही वेग बांधलेला असतो. कसाऱ्यापुढे लोकलची गर्दी सुरू होते, तिथे एक्सप्रेसलाही वाट पाहावी लागते.

“भाऊ, गाडीवर गयात ते मुंबई कितला येळ लागस?” रस्त्यानं किती?

स्वतःच्या चारचाकीनं आठ तास धरून चाला, जेवणाचा थांबा वेगळा. जळगाव ते धुळे नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, धुळ्यापासून नाशिक साधारण १६०, नाशिकपासून मुंबई १६५-१७०. रात्रीच्या ट्रॅव्हल्स नऊ-दहा तास घेतात, कारण त्या ठिकठिकाणी माणसं भरत आणि उतरवत जातात.

समृद्धी महामार्ग खान्देशातून जात नाही. पण ५ जून २०२५ला त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. त्याचा उपयोग आपल्याला होतो: नाशिकहून पुढे येऊन इगतपुरीला समृद्धीवर चढलात की कसारा घाटातली ट्रकची रांग चुकते आणि थेट भिवंडीजवळ आमण्याला उतरता. टोल वेगळा द्यावा लागतो. मोटारसायकलला तिथे परवानगी नाही.

आम्ही धुळ्याचे, आम्ही नंदुरबारचे, आम्ही चाळीसगावचे. आम्हाला जळगावचं विमान सोयीचं पडेल का?

भुसावळकरांना पडेल. तीसेक किलोमीटरचा रस्ता, पाऊण तासात विमानतळ.

चाळीसगावकरांनी विमानाचा विचार मुंबईसाठी करूच नये. चाळीसगाव ते सीएसएमटी रेल्वेनं ३२८ किलोमीटर, पाच-साडेपाच तासांचं काम. विमानासाठी आधी जळगावकडे, म्हणजे मुंबईच्या उलट दिशेला, शंभर किलोमीटर यायचं आणि मग त्याच चाळीसगावच्या आसपासच्या आकाशातून परत जायचं, यात काही हशील नाही. पाचोऱ्याचंही थोडं तसंच.

धुळ्याहून जळगाव विमानतळ शंभर किलोमीटरच्या आसपास, नाशिकचा ओझर विमानतळ त्याहून लांब. मुंबईला जाणाऱ्या धुळेकराचं गाडीनं निम्मं अंतर तेवढ्या वेळात कापून होतं. हैदराबाद किंवा गोवा गाठायचा असेल तर मात्र जळगाव जरूर पाहावं. धुळ्याला गोंदूर इथे आणि शिरपूरला धावपट्ट्या आहेत, पण त्या वैमानिकांच्या प्रशिक्षणाच्या आणि खासगी विमानांच्या. तिथून प्रवाशांना तिकीट मिळत नाही, हे आम्हाला आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी सांगावंच लागतं.

नंदुरबारकरांना सुरत जवळ. ताप्ती खोऱ्याचा रेल्वेमार्ग २०१८मध्ये पूर्ण दुहेरी झाला, त्यामुळे सुरतला जाणं सोपं झालंय. मुंबईलाही ते सुरतवरूनच जातात, आणि तेच योग्य.

जळगावहून मुंबईशिवाय आणखी कुठे विमान जातं? अंतरं सांगा.

२०२४च्या एप्रिलमध्ये फ्लाय ९१ या कंपनीनं गोवा आणि हैदराबाद सुरू केलं, मे महिन्यात पुणे आलं. जूनमध्ये अलायन्स एअरनं मुंबई जोडली, पुढे अहमदाबादही. कुठलं विमान कोणत्या वारी, हे दर हंगामाला बदलतं, त्यामुळे वार इथे देत नाही. अंतर मात्र बदलत नाही.

पुणे सरळ रेघेत ३१८ किलोमीटर, मुंबईपेक्षा जवळ. तिकिटावर तास-सव्वा तास. अहमदाबाद ३८७, साधारण सव्वा तास. हैदराबाद ५०५, दीड तास. गोव्याचा मोपा विमानतळ ६०५, पावणेदोन तास.

यातलं पुणे आणि हैदराबाद आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. पुण्याला रेल्वेनं मनमाड-दौंडवरून ४७० किलोमीटरचा वळसा पडतो. महाराष्ट्र एक्सप्रेस त्यासाठी दहा तासांच्या आसपास घेते. २०२५च्या ऑगस्टपासून नागपूरच्या अजनी स्टेशनहून पुण्याला जाणारी वंदे भारत जळगावला थांबते, त्यानं बराच दिलासा मिळाला, तरी अंतर तेवढंच. छत्रपती संभाजीनगरवरून रस्त्यानं चारशे किलोमीटर. हिंजवडीत नोकरी करणारी जळगावची पोरं दिवाळीला ट्रॅव्हल्सचे चढे दर मोजतात, तेव्हा विमानाचं लवकर काढलेलं तिकीट फार महाग वाटत नाही. हैदराबादचा फायदा वेगळा: तिथून दक्षिणेत कुठेही पुढचं विमान मिळतं आणि मुंबईची गर्दी टळते.

जळगावला मोठं जेट विमान का येत नाही?

धावपट्टी सुमारे १,७०० मीटरची आहे. भरलेल्या एटीआरला उडायला साधारण तेराशे-चौदाशे मीटर पुरतात. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ पूर्ण भरून उडवायचं तर दोन हजार मीटरच्या पुढची धावपट्टी लागते.

त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५पर्यंत चढतो. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. म्हणजे तेच विमान जानेवारीत जेवढ्या धावपट्टीत उडतं, त्याहून जास्त धावपट्टी त्याला मे महिन्याच्या दुपारी लागते. धावपट्टी तर वाढत नाही, मग वजन कमी करावं लागतं: सामान मागे ठेवा, नाहीतर काही जागा रिकाम्या सोडा. उन्हाळ्यात शक्य असेल तर सकाळचं विमान घ्या, असं आम्ही म्हणतो ते नुसतं ऊन लागू नये म्हणून नाही.

सेवा सुरू होते आणि बंद पडते, असं का?

जळगाव विमानतळाचं उद्घाटन २३ मार्च २०१२ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. त्या आपल्याच जिल्ह्याच्या. इमारत झाली, धावपट्टी झाली, आणि पुढची पाच वर्षं नियमित प्रवासी विमान काही आलं नाही.

केंद्र सरकारची उडान योजना २०१६मध्ये आली. छोट्या शहरांच्या मार्गांवर काही जागांचं भाडं बांधून द्यायचं, सुरुवातीला तासाभराच्या उड्डाणाला २,५०० रुपये, आणि कंपनीला जो तोटा होईल त्यातला वाटा सरकारनं उचलायचा, अशी ती योजना. त्यातून डिसेंबर २०१७मध्ये एअर डेक्कनचं १९ आसनी बीचक्राफ्ट मुंबईहून जळगावला आलं. ते टिकलं नाही. २०१९मध्ये ट्रूजेटनं एटीआर आणलं, मग कोरोना आला, आणि २०२२मध्ये ती कंपनीच थांबली. त्यानंतर २०२४पर्यंत पुन्हा शांतता.

यामागे दोन अडचणी आहेत. सरकारी मदत एका मार्गाला तीन वर्षांपुरतीच असते. तोवर प्रवासी जमले नाहीत तर मार्ग गुंडाळला जातो. दुसरी अडचण मुंबईची: तिथे उतरायची वेळ मिळणंच कठीण. छोट्या विमानाला गैरसोयीची वेळ मिळते, गैरसोयीच्या वेळेला प्रवासी मिळत नाहीत, आणि प्रवासी नाहीत म्हणून विमान बंद होतं. जळगावात प्रवासी नाहीत हे आम्हाला मान्य नाही. सोनं, केळी, डाळ, पाइप आणि ठिबक सिंचन एवढा व्यापार असलेल्या शहराला सकाळी जाऊन रात्री परत येण्याजोगं मुंबईचं विमान दिलं तर ते भरेल, असं आमचं ठाम मत आहे.

मुंबईहून पुढे दुबई-अमेरिकेचं विमान आहे. मध्ये किती वेळ ठेवू?

दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर असतील तर पहिल्या विमानाला उशीर झाल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. पण जळगावचं तिकीट एका कंपनीचं आणि परदेशाचं दुसऱ्या कंपनीचं, असंच बहुतेकदा असतं. मग पहिलं विमान रद्द झालं तर दुसरी कंपनी हात वर करते, आणि तसा तिला अधिकार आहे.

म्हणून आमचा सल्ला: मध्ये सहा तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका. पावसाळ्यात तर आदल्या रात्रीच्या गाडीनं निघा. दिवसातून एकच विमान असलेल्या मार्गावर ते चुकलं की ‘पुढचं पकडू’ म्हणायची सोय नसते. व्हिसाची मुलाखत आणि परीक्षा यांनाही हेच लागू.

आणखी एक. ऑक्टोबर २०२५मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरपासून तिथून विमानं सुटू लागली. आता तिकिटावर नुसतं ‘मुंबई’ वाचून चालणार नाही. बीओएम म्हणजे जुना सांताक्रूझ-सहारचा, एनएमआय म्हणजे पनवेलजवळचा नवा. उतरायचं एकीकडे आणि पुढचं विमान दुसरीकडे असं झालं तर मध्ये अख्खी मुंबई पडते.

विमानतळावर किती आधी पोचायचं?

दीड तास. सामान घेणारी खिडकी साधारण तासभर आधी बंद होते, विमानाचं दार वीस-पंचवीस मिनिटं आधी. ‘जळगावचंच तर विमानतळ आहे, ओळखीचं कुणीतरी असेल’ हा भरवसा तिथे कामाला येत नाही.

पंख्याचं विमान पाहून आई घाबरतेय. सुरक्षित असतं का? तिला पायऱ्या चढता येत नाहीत.

बाहेर पंखा दिसतो म्हणून ते जुनं असं नाही. पंखा फिरवणारं इंजिन आतून जेटच्याच जातीचं असतं. कमी अंतरावर, छोट्या धावपट्टीवर हेच विमान सोयीचं आणि इंधनाला हलकं. ते जेटपेक्षा खालून, साधारण पाच-साडेपाच किलोमीटर उंचीवरून जातं, त्यामुळे पावसाळी ढगांत हादरे थोडे जास्त जाणवतात. आईंना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे हादरा बसला की त्या तुमचा हात घट्ट धरतील, पण घाबरणार नाहीत.

एटीआरमध्ये माणसं मागच्या दारानं चढतात, सामान पुढे भरतात. मागच्या दाराचीच पायरी होते, चार-पाच टप्प्यांची. चाकाची खुर्ची हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगा, निदान ४८ तास आधी. जागा मागच्या बाजूची घ्या: दाराजवळ पडते, आणि पंखे पुढच्या ओळींच्या शेजारी असल्यानं मागे आवाजही कमी येतो.

खिडकी कोणत्या बाजूची मागू?

एटीआरचे पंख छताच्या पातळीवर असतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक खिडकीतून खालचं दिसतं. मुंबईला जाताना डाव्या हाताला अजिंठ्याचे डोंगर, उजवीकडे तापी-गिरणेचं खोरं आणि स्वच्छ दिवशी दूरवर सातपुडा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये केळीच्या बागांचे हिरवेगार चौकोन ओळखू येतात. सरळ रेघेनं विमान गेलं तर ते लासलगाव-निफाडच्या आसपासून पुढे कळसूबाईच्या जवळून जातं. शिखर डाव्या खिडकीत. आम्ही डावीच बाजू सांगतो.

भरताची वांगी, केळी, वेफर्स, लोणचं, पापड न्यायला चालतात का?

वांगी चालतात, केळी चालतात. पण केळी टाकायच्या बॅगेत घालू नका, मुंबईत शिकरण उतरवून घ्याल. वेफर्स आणि पापड हातातल्या पिशवीत ठेवा, मात्र एटीआरच्या वरच्या कप्प्यात जागा लहान असते, मोठी ट्रॉली तिथे बसत नाही.

लोणचं आणि मिरची पूड हातातल्या सामानात अडवतात. घट्ट झाकण लावून, दोन पिशव्यांत गुंडाळून बॅगेत टाका. सुकं खोबरं नेऊच नका. त्यात तेल असतं, ते पेट घेणारं मानतात आणि काढून ठेवायला लावतात. लग्नाच्या देण्याघेण्यातल्या खोबऱ्याच्या वाट्या सुरक्षा तपासणीत बाजूला पडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. नवरीची आत्या आणि जवान यांच्यात जो संवाद झाला, तो इथे लिहिण्याजोगा नाही.

पॉवर बँक हातातच, बॅगेत नाही. सोनं हातातल्या पिशवीत आणि बिलासह. जळगावला सोनं घ्यायला येणाऱ्यांनी बिल फोनवर असलं तरी कागदही जवळ ठेवावा. वजनाची मर्यादा तिकिटावर लिहिलेली असते. ती आधी वाचा, कारण काउंटरवर जादा किलोचे पैसे झोंबतात.

वेळापत्रक कधी बदलतं?

वर्षातून दोनदा: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. दिवाळीनंतरचं तिकीट सप्टेंबरमध्ये काढलं असेल तर वेळ पुन्हा एकदा तपासा.

विमान रद्द झालं किंवा उशिरा सुटलं तर काय मिळतं?

अशा छोट्या मार्गावर दोन तासांहून जास्त उशीर झाला तर कंपनीनं खाणंपिणं द्यायचं असतं. सहा तासांच्या वर गेला तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड तुमची. आधी न कळवता रद्द केलं तर परताव्याशिवाय भरपाईही असते: तासाभरापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपयांपर्यंत, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००पर्यंत, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. जळगाव-मुंबई तिकिटावर सव्वा तासाचं, म्हणून दुसऱ्या गटात बसतं. हवामान, संप, विमानतळ बंद अशा कारणांना भरपाई नाही. पावसाळ्यात कारण बहुतेक वेळा हवामानच निघतं.

पैसे परत घेताना ज्यानं तिकीट काढून दिलं त्याच्याकडूनच मागा. एजंटकडून काढलं असेल तर परतावा एजंटच्या खात्यात येतो, तुमच्या नाही. दोन आठवड्यांत आला नाही तर निवांत बसू नका, फोन करा.

तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं असेल तर?

एखाद्या अक्षराची चूक सहसा चालवून घेतात. वडिलांचं नाव मध्ये आहे-नाही, यालाही फारसं कुणी अडवत नाही. पण लग्नानंतर आडनाव बदललंय आणि आधारवर माहेरचंच आहे, असं असेल तर तिकीट माहेरच्या नावानंच काढा. पतीनं कौतुकानं सासरच्या नावाचं तिकीट काढलेलं असतं आणि दारावरचा जवान आत सोडत नाही. नाव बदलायला बहुतेक कंपन्या वेगळे पैसे घेतात, काही तर नवंच तिकीट काढायला लावतात. तिकीट काढायच्या आधी आधारचा फोटो आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, नाव त्यावरूनच टाकतो.